इंजिनले बांधलेलं लिंबू

विक्की,

तोंडावर बोलली असती तर माहा हात उठला असता, म्हणून लिहून राहिली. तू नवं इंजिन बसवल्यापासून रेस सोडली की व्हॅन बंद पडते, अन् वरून मलेच म्हणतो, "ताई, तुले चालवता येत नाही." आज मी सीट उचलून खालचं इंजिन पाह्यलं. नजर लागू नये म्हणून तू हवेच्या नळीले लिंबू-मिरची बांधली, तिच्या ओझ्यानं नळीच निसटली होती. नळी मी बसवली. लिंबू तुह्या ताटात ठेवलं आहे, तेच जेव.

माही माफी नको मागू, बाबाची माग. काल डायलिसिस करून येताना धंतोलीच्या सिग्नलवर त्यायनं खाली उतरून व्हॅनले धक्का मारला. मागून हॉर्न वाजून राहिले होते, अन् बाबा हसून सांगत होते, "माह्या पोरानं सोता बसवलं इंजिन."

मेघा