बारावी सूचना

पलूस,
२३ जुलै १९७८

प्रिय येसू,

दोन तळी मी माझ्या हातांनी खोदली. एक वीस गुंठ्यांचं, दुसरं अकरा. मिठानं पांढरं पडलेलं रान, ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडायचा, तिथं कुदळ मारून मी पाणी उभं केलं. मच्छरदाणीच्या कापडाच्या चार झोळ्या शिवल्या, बांबूंना ताणून तळ्यात सोडायच्या, पिल्लं वेगळी ठेवायला. मोडीत निघालेल्या ट्रकची पुढची काच सिमेंटच्या हौदाला बसवली. तीनदा गळली, चौथ्यांदा बसली. लोहाराचा फाटका भाता सांधून, त्याला सायकलची ट्यूब जोडून, डब्यातल्या पाण्यात हवा सोडायचं यंत्र केलं. पत्र्याचे बारा डबे कापले, डाग देऊन जोडले, प्रत्येक झाकणाला सोळा भोकं पाडली. आणि वही. तीही मीच शिवली, रेघाही मीच मारल्या.

हे तुला सगळं माहीत आहे. तरी लिहितो, कारण तू गेल्यापासून, म्हणजे तू यायची थांबलीस तेव्हापासून, पलूसच्या बाजारात माझं नाव बदललं आहे. हवालदार म्हणायचे, आता मढंविक्या म्हणतात. तोंडावर नाही, पाठ फिरली की. मी पाठ फिरवतो आणि सावकाश चालतो, म्हणजे त्यांना नीट म्हणता यावं. तुझ्या वहिनीला राग येतो. तिचा गुडघा यंदा फारच धरलाय, बाजाराला मीच जातो, त्यामुळे ऐकायलाही मीच असतो. खालच्या तळ्याचा बांध जूनमध्ये परत घातला. रोहू या वर्षी दीड शेराच्या वर गेला. तुझ्या जागेवर, चिंचेखाली, मी एक दगडी बाक केलाय. रिकामाच असतो.

मासा आजारी आहे की घाबरलाय की नुसता दमलाय, हे मला कुणी शिकवलं नाही. बंगालमध्ये पलटण होती तेव्हा छावणीच्या मागं एका म्हाताऱ्याचं तळं होतं. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला. रविवारी मी काठावर बसायचो, तो बोट दाखवायचा. पहाटे मासे तोंड वर काढून हवा गिळायला लागले की पाण्यात दम नाही. बांबूला अंग घासत असला तर उवा. पंख अंगाला चिकटवून कोपऱ्यात उभा असला तर त्याचं काहीतरी बिनसलंय, खाणं बंद करून बघत बसायचं. बाकीचं मी घरी येऊन काचेच्या हौदासमोर बसून शिकलो. पलटणीतलं घड्याळ हातात धरून कल्ल्यांची उघडझाप मोजायची. स्वस्थ पिल्लू मिनिटाला सत्तर ते ऐंशी. जाळ्यातून नुकतं काढलेलं असेल तर एकशेवीसच्या पुढं. ते परत नव्वदच्या आत येईपर्यंत मी त्याला हलवत नाही, मग गाडी दारात उभी असली तरी. सांगलीचे मत्स्य खात्याचे साहेब एकदा हसले होते, चौथी पास माणूस माशाची नाडी बघतो म्हणून. जाताना वहीतली चार पानं उतरवून घेऊन गेले. हसणं मी विसरलो नाही, पानंही नाही.

तुमचे दादासो तर त्या दिवशी तलावावर सगळ्यांदेखत म्हणाले होते, “मासा काय तोंडानं सांगतोय व्हय, मला त्रास हुतोय म्हणून?” मी म्हटलं, तोंडानं नाही, कल्ल्यानं सांगतो. लोक हसले. तेव्हा हसणं त्यांच्याच बाजूचं होतं, कारण बारा डब्यांतली तीन हजार सहाशे पिल्लं पोट वर करून तरंगत होती.

तो दिवस मी पुन्हा नीट लिहितो, कारण प्रत्येकानं तो आपापल्या सोयीनं सांगितला आहे. दुष्काळात तुमच्या गावानं दगड फोडून पाझर तलाव बांधला, त्यात मासे सोडायचे ठरले, सोसायटीचे चेअरमन दादासो आणि सेक्रेटरी तुझे मालक, आपले नाथाजीराव. मेव्हण्याकडून बियाणं घेतलं म्हणून त्यांच्यावर बोट नको, म्हणून मी एक-एक पिल्लू निवडलं. आदल्या दिवशी सगळी झोळीत उपाशी ठेवली. पहाटे डब्यात भरली. जीपमध्ये डबे बसल्यावर मला जागा उरली नाही. मी एस.टी.नं कऱ्हाडवरून आलो, नाथाजीराव डबे घेऊन पुढं गेले. त्यांच्या हातात मी चिठ्ठी दिली होती, अकरा सूचना, क्रमांक घालून. डबे सावलीत ठेवावेत. झाकणावर ओलं पोतं. तासाला भाता पन्नास वेळा दाबावा. खड्ड्यातून जीप सावकाश. असं अकरापर्यंत. पिल्लं सोडायला साताऱ्याचे पाहुणे दुपारी तीनला येणार होते, जीप अकरालाच पोचली. म्हणून डबे तलावावर न नेता तुझ्या पडवीत ठेवले. तिथपर्यंत एकही पिल्लू मेलं नव्हतं, नाथाजीरावांनी झाकण काढून बघितलं होतं.

मला एकदम आपला पाखऱ्या आठवतो. तू आठ वर्षांची असशील. बाबांनी तो बैल तासगावच्या बाजारात विकायला काढला. पहाटे सगळे घाईत, आणि तू गोठ्यात बसून त्याला सणाची उरलेली पुरणपोळी घासाघासानं चारत होतीस. बाबा ओरडले, उशीर होतोय. तू म्हणालीस, “लांब जायाचाय त्यो. उपाशी कसा लावून देऊ?” बाबांनी पोळी संपू दिली, मगच कासरा सोडला. बाजारात त्या बैलाकडं बघून ते दोनदा परत फिरले होते, हे तुला कुणी सांगितलं नसेल. आईचंही तसंच होतं. टपालवाला असो, गारुडी असो, आपल्या दारातून कुणी रिकाम्या पोटानं गेलं नाही. तू तिचीच.

तलावाच्या बांधावर, सगळे पांगल्यावर, मी खिशातलं दाढीचं पातं काढलं आणि सहा पिल्लं चिरली. कल्ले बघितले, लालभडक. आजारी माशाचे कल्ले फिक्कट असतात, त्यांवर चिकटा असतो. इथं काही नव्हतं. खवले घट्ट. मग पोट उघडलं. सहाही पोटं टम्म भरलेली. पेंड नव्हती, पेंड तपकिरी असते. पांढरं ज्वारीचं पीठ होतं, आणि भाजून कुटलेल्या दाण्याचं कूट. सोसायटीच्या माणसाकडं कूट नसतं, येसू. कूट चुलीजवळच्या डब्यात असतं.

भरल्या पोटाचं पिल्लू बंद डब्यात दुप्पट दम खातं आणि तेच पाणी घाण करतं. म्हणून उपाशी ठेवायचं. हे मला इतकं पाठ की चिठ्ठीत लिहायचं सुचलंच नाही. श्वास घ्यावा असं कुणी लिहितं का, तसं.

दादासोंनी विचारलं, काय दिसलं? पाहुणे जीपमध्ये बसत होते, नाथाजीराव मान खाली घालून उभे होते, आणि तू बायकांच्या घोळक्यात पदर तोंडाला लावून. मी पिल्लं पाण्यात टाकली आणि म्हणालो, ऊन लागलं. त्या दिवशी आभाळ गच्च भरलेलं होतं. लहान मूलही फसलं नसतं. माझं बियाणंच सडकं असणार, आणि मी ते झाकतोय, असं लोकांनी ठरवलं. बरोबरच ठरवलं, मी त्यांना दुसरं काही दिलंच नव्हतं.

पण वहीत मी खोटं लिहिलं नाही. घरी येऊन त्याच दिवशी लिहिलं: कल्ले निरोगी. पोटात पीठ व कूट. कारण, वाटेत खाणं. आणि खाली एक ओळ: उपाशी ठेवण्याची सूचना चिठ्ठीत नव्हती, चूक धनाजीची. सही, तारीख.

तेव्हा दोन वर्षं तू जे तोंड लपवून बसली आहेस, ते कशासाठी? अण्णाला कळलं तर, म्हणून? अण्णाला त्या दिवशी संध्याकाळच्या आत कळलं होतं. तुला माझी दया यावी म्हणून मी हे सांगत नाही, आणि तुझी चूक नव्हती असंही म्हणत नाही. तीन हजार सहाशे जीव तडफडले, त्यातला प्रत्येक मी हातानं निवडला होता. मला अजून राग आहे. पण तू त्यांना पाहुणे समजलीस, आणि मी पुरुषाच्या हातात चिठ्ठी देऊन मोकळा झालो. ज्या घरात डबे उतरणार, त्या घरच्या बाईला एक शब्द सांगितला नाही. दोन चुकांत माझी मोठी, कारण मला येत होतं.

आता हे पत्र का. मागच्या गुरुवारी दादासो माझ्या दारात आले. तुझ्या शेजारच्या हरणाबाईकडून त्यांना सुगावा लागला की पडवीत डब्यांत काहीतरी टाकलं होतं. विचारायला आले, आणि मी मूर्खासारखी वही त्यांच्या हातात दिली. वही दाखवायची माझी खोड तुला माहीत आहे. त्यांनी ते पान दोनदा वाचलं. नाथाजीराव सोसायटीच्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभे राहणार, हे मला तेव्हा कळलं. त्यांना त्या पानाची नक्कल हवी होती, माझ्या सहीनं, शेवटची ओळ गाळून, आणि नाथाजीरावांनी खायला घातलं असं लिहून. म्हणाले, “बहिणीचं नाव कुटं येत न्हाई, धनाजीराव. तुमचं नाव धुऊन निघंल.” मी म्हटलं, पूर्ण पान घ्या, माझ्या चुकीसकट घ्या, चावडीवर लावा. ते त्यांना नको होतं. मी वही मिटली, आणि तुझ्या वहिनीला चहा आत ठेवायला सांगितलं. आमच्या दारातून चहा न घेता गेलेला तो पहिला माणूस. हे तुला दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. बाराही डबे मी तांबड्या रंगानं रंगवले आहेत. प्रत्येकावर बारावी सूचना लिहिली आहे, तुला घरातून दिसेल एवढ्या अक्षरात: वाटेत खायला घालू नये. पंचमीला ये, नाथाजीरावांना घेऊन ये, आणि तळ्यातल्यांना पोटभर खायला घाल, तिथं चालतं. दादासोंनी त्या अर्ध्या पानाला तालुक्यातल्या सगळ्या तलावांचं तीन वर्षांचं बियाणं देऊ केलं होतं, आणि वर आगाऊ रोख. मी नाही म्हटलं. सहा हजार रुपये.

तुझाच,
धनाजीअण्णा