खिळ्यावर राहिलेली किल्ली

दि. ९ मार्च, सोमवार

सकाळी पाणी भरलं. अर्धा दिवस दवाखान्यात औषधं वाटली. दुपारी वकीलबाई येऊन गेल्या. तुझं पाकीट मिळालं.

प्रिय धाकटे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आमच्या महिला मंडळाचं अनुदान वाढणार, मंडळाच्या खोलीला ह्यांचं नाव देणार, पाटीचा खर्चही तुमची संस्था करणार. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. मला समोर आल्यावर बोलता येत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे, म्हणून लिहिते.

अनुदानाला मी नावं ठेवत नाही. खोलीचं भाडं त्यातून जातं, वकीलबाईंचा प्रवास त्यातून होतो. खाणीतल्या माणसाला आणि त्याच्या बायकोला काही हक्क असतात, हे तुमच्याच माणसांनी इथे सतरंजीवर बसून आम्हाला शिकवलं. पण किल्ल्यांची फळी आमची स्वतःची. खाली उतरताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला फाटकावर टांगायचा आणि वर आल्यावर काढून घ्यायचा, असा खाणीचा नियम. मागे एकदा छत कोसळलं तेव्हा एकाचा बिल्ला फाटकावरून नाहीसा झाला, आणि मॅनेजर म्हणाला, बिल्ला नाही म्हणजे माणूस खाली नव्हताच. तेव्हापासून बायकांनी खोलीत आपली फळी लावली. घरटी एक खिळा. पुरुषाने पाळीला जाताना घराची किल्ली तिथे टांगायची, परतताना न्यायची. बिल्ला एक वेळ विसरेल, घरात शिरायची किल्ली कोण विसरतो? पुरुष आधी हसले, मग मुकाट्याने टांगू लागले.

अनुदानाचं काम बघायला तू आलीस त्या सकाळी ह्यांनीही टांगली. तुला म्हणाले, “मेहुणीबाई, नीट बघून ठेवा. किल्ली राहिली तर तुमची ताई मला ओट्यावर झोपवेल.” तू हसलीस. तुला फाटक बघायचं होतं म्हणून त्यांच्याबरोबर गेलीस. परत येऊन तूच मला सांगितलंस, भावोजींनी बिल्ला बाहीने पुसला आणि मग टांगला. त्यांची ती सवयच होती.

त्याच दुपारी खाणीतला बोगदा खचला. फाटकावर त्यांचा बिल्ला नव्हता. मॅनेजर म्हणाला, कुठेतरी पिऊन पडला असेल. खोकल्याच्या औषधाला दारूसारखा वास येतो म्हणून ज्यांनी बाटली मला परत केली, त्यांच्याबद्दल हे. बाकीची माणसं वर काढून खोदकाम थांबवलं. आम्ही बायकांनी फळी भिंतीवरून उचलली आणि किल्लीसकट फाटकात नेऊन ठेवली, तेव्हा कुठे पुन्हा सुरू झालं. तोवर रात्र गेली होती. डॉक्टरांनी मला दवाखान्यातली म्हणून बाजूला घेऊन सांगितलं, ह्यांचा जीव लगेच गेला नव्हता. ढिगाऱ्याखाली बराच वेळ जिवंत होते. हे मी तुला अजून सांगितलं नव्हतं. आज सांगते.

आता कंपनी म्हणते, ते कामावर नव्हतेच, भंगार चोरायला आत शिरले होते. त्या सकाळी फाटकाशी उभे असलेले त्यांचे सोबती माझ्यासमोरून मान खाली घालून जातात. त्यांची चूल कंपनीवर पेटते, मी त्यांना बोल लावत नाही. तुझी चूल कुठे कंपनीवर पेटते? तुझे साहेब म्हणतात, संस्थेने कुणाची बाजू घ्यायची नसते. मग इतकी वर्षं अनुदान कुणाच्या बाजूने देत होता? हक्क मागायला शिकवलंत, आणि आम्ही मागायला उभ्या राहिलो तर हातात पाटी देता. ह्यांना आणलं तेव्हा तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, मी आहे ना, ताई. कुठे आहेस?

वकीलबाई आज का आल्या होत्या ते सांगते. गुरुवारी ह्यांच्या भरपाईच्या दाव्याची सुनावणी आहे आणि साक्षीदार म्हणून मी तुझं नाव दिलं आहे. तुला विचारलं नाही. मला पाटी नको, वाढीव अनुदानही ह्या बदल्यात नको. माझा नवरा बिल्ला पुसून, टांगून, कामावर गेला, एवढं उभी राहून सांग. येणार नसशील तर तसं लिहूही नकोस. नाव पुकारतील तेव्हा सगळ्यांबरोबर मलाही कळेल. दिवसपाळी सुटली, ज्याची त्याने किल्ली नेली. फळीवर एकच राहिली आहे. ती आहे तिथेच ठेवून मी आता खोली झाडते, दार ओढून घेते आणि घरी जाते. घर उघडायला माझी किल्ली माझ्याकडे आहे.

तुझीच,
ताई