सोबतचं पाणी

प्रिय प्रणाली,

फोन सोडून हा माणूस पत्र कावून लिहून राहिला, असं वाटेल तुले. सांगतो. पण आधी राग काढू दे. अमरावतीचं संशोधन सोडते, राजापेठेतली खोली रिकामी करून अकोल्याले परत येते, असं तू काल फोनवर आईले म्हणाली. बाबाचा उजवा हात लुळा पडला, आई एकटी किती करणार, म्हणे. डोकं ठिकाणावर आहे का तुझं?

तुझ्या कॉलेजातलं ते काचेचं टाकं मले पाहिलं त्या दिवसापासून आवडते. तेव्हा मी धडधाकट होतो, जुन्या शहरातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या माझ्याच हातच्या. टाक्यात बुडवलेली नळी मोटरीवर मागंपुढं हलत होती, अन् पाणी तिले किती जोर लावते ते तू मोजत होती. पाण्यात काठी हलवाले इंजिनिअर कायले पाहिजे, म्हणून मी हसलो. तू चिडली नाही. म्हणाली, बाबा, हलणारी वस्तू एकटी हलत नाही, आजूबाजूचं पाणी सोबत ओढून नेते, म्हणून जड लागते. वेग दुप्पट केला की पाणी चौपट अडवते. अन् परत फिरताना मघाशी हललेलं पाणीच उलटं येऊन धडकते. मले अर्धंच समजलं, पण मान मोठ्या रुबाबात हलवली.

अर्धांगाचा झटका आल्यावर डॉक्टरनं हात पाण्यात हलवाले सांगितलं. आपल्याकडे नळ कधी येईल भरवसा नाही, अन् मी पिण्याच्या पाण्यात हात घालतो म्हणून आईचा जीव खालीवर. शेवटी तिनं माझ्यासाठी अंगणात वेगळा ड्रम ठेवला, तेच पाणी मग झाडांना जाते. मी पडलो घाईचा माणूस. जोर लावून हात हाणायचो, खांदा भरून यायचा, मग ड्रमले शिव्या. ड्रमनं तुमचं काय घोडं मारलं, असं आई म्हणायची. एका दुपारी तुझी ती नळी आठवली. म्हटलं, हळू घे धर्मपाल. हाताचं ओझं पाण्यानं उचललेलंच होतं, मी फक्त घाई सोडली. हात परत फिरवायच्या जागी थांबलो, हललेलं पाणी शांत होऊ दिलं, मग परत. पोरी, हात गेला वं! या काठापासून त्या काठापर्यंत, आपला आपण. मी ढसाढसा रडलो. आई धावत आली, तिले वाटलं पुन्हा झटका आला.

तुले सांगायचं नाही, अशी तिले शपथ घातली. उगाच आशा लावून पुढं काहीच झालं नाही तर, याची भीती होती. म्हणून काल ती फोनवर गप्प राहिली. रोज ड्रमजवळ बसलो. मग रुमालाची घडी जमली, मग चमचा, मग खडू.

आता पत्र कावून, ते सांगतो. सकाळपासून लिहून राहिलो, आई दोनदा जेवाले बोलावून गेली. तुम्ही सांगा, मी लिहिते, असंही म्हणाली. मी ऐकलं नाही. अक्षरांवरची रेघ बघ, कशी नागमोडी गेली. दुकानाची पाटी असती तर गिऱ्हाईकानं तोंडावर फेकली असती. फेकू दे. हे पत्र उजव्या हातानं लिहिलं आहे. खोली सोडू नको, टाक्यात पाणी भर अन् तुझी नळी चालू कर.

तुझाच, पाटीवाला
बाबा