जोडीची कार्डं

प्रिय धाकट्या,

माझं अक्षर बघून पत्र फाडू नकोस. वाचून झाल्यावर हव्या तेवढ्या शिव्या घाल. अण्णा अजून त्याच टेबलाशी बसतात, समोर फारसी व्याकरणाची कार्डं. मलाच विचारतात, बाई, तुम्ही कोणाकडे आलात? पण 'गेरेफ्तम खाबीदम' म्हणताना जीभ जराही अडखळत नाही.

तुला त्या विषयाचा कंटाळा, तरी आठवत असेल. शब्दशः 'घेतलं झोपलो'. दोन्ही क्रियापदं पूर्ण रूपात, मधे 'आणि' नाही, आणि काम एकच, झोपण्याचं. घेतलंबितलं काही नाही. अशा जोड्या अण्णांनी अकरा वर्षं लोकांच्या बोलण्यातून टिपल्या. एका कार्डावर एक जोडी, खाली कोण कधी बोललं ते. ते लिहीत होते त्या व्याकरणाच्या पुस्तकातलं त्यांचं सगळ्यात लाडकं प्रकरण.

ते पुरं झालंच नाही. त्या दिवशी बाराशे कार्डं मधोमध कापलेली सापडली, पहिली क्रियापदं एका गठ्ठ्यात, दुसरी दुसऱ्यात; कुठलं कोणाच्या जोडीचं, काही कळेना. आदल्याच दिवशी तू फारसीत नापास होऊन, 'तुमची फारसी घाला चुलीत' म्हणाला होतास. मग काय, अण्णांनी तुझं एक अक्षर ऐकून घेतलं नाही. तूही त्यांचाच मुलगा. गेलास तो नऊ वर्षं फिरकला नाहीस.

कार्डं मी कापली रे. प्रकाशकाला क्रियापदांची सूची हवी होती, अक्षरक्रमाने. मला वाटलं, दोन क्रियापदं म्हणजे दोन नोंदी, अण्णा शाबासकी देतील. अतिशहाणपणा नडला. ते तुझ्यावर ओरडत होते तेव्हा मी स्वयंपाकघरात कोरडेच हात पुसत उभी होते. तू बॅग भरलीस तेव्हाही गप्प बसले. नंतर उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिले. फार लाज वाटते.

काल त्यांचे पाय धरून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, डोक्यावरून हात फिरवला. पण मला ओळखलं नव्हतं. त्यांना वाटलं, तूच आहेस. म्हणाले, जाऊ दे रे, कार्डं काय, पुन्हा लिहू, तू घरी आलास ना. ज्याने काही केलंच नाही त्याला माफ करून मोकळे झाले. आणि आज सकाळपासून घरभर शोधताहेत, मला विचारताहेत, आत्ता इथे होता, गेला कुठे? मी काय सांगू त्यांना? ये रे.

तुझीच, तोंड दाखवायला जागा नसलेली,
ताई