दाखवायचं मले होतं, भरती बाबा झाले

पल्लवी,

बोरगावच्या कंपनीत तुझा फोन बंद असते, म्हणून लिहून राहिली. बाबाले नागपूरले भरती केलं. हो, बाबालेच. डॉक्टरले दाखवायचं मले होतं. माझं वजन पाहून घरात सगळ्याइले माझ्याच हार्टची भीती होती.

चालायच्या मशीनवर मी शेवटपर्यंत चालली. डॉक्टर बाईनं विचारलं, "काकू, रोज काय करता?" म्हटलं, "संत्र्याच्या बगीच्यात पायी जाते, दिवसभर काम करते." बाबा हसून म्हणे, "मंग माझीबी तपासणी करा, मी तर पळूनच दाखवतो." थोड्याच वेळात त्याइले धाप लागली, छाती धरली. मशीन बंद केली. हृदयाच्या नसांत अडथळा दिसते म्हणतात. उद्या पाहतीन, लागलं तर नस उघडी ठेवायले स्प्रिंग टाकतीन.

मी म्हटलं, "हे तर काडीसारखे आहेत." बाई म्हणे, "चरबी पोटाच्या आतबी साचते, बाहेरून दिसत नाही. यांच्यासारखं दिवसभर दुकानात बसून हृदयाची ताकद कमी होते. तुमचंही वजन उतरलं पाहिजे, पण चालणं तुमच्या कामी आलं."

मले अजून खरं वाटून नाही राहिलं.

मामा त्याइच्याजवळ आहे. मी शेजारच्या विनोदच्या गाडीनं कपडे न्यायले आली. भाजी झाकून ठेवली, पोळ्या टाकून घे. उद्या सुट्टी घे अन् सकाळच्या बसनं ये.

लग्नापासून माझ्या जाड अंगाले हसणारा माणूस आज माझा हात सोडत नव्हता. निघताना मीच सोडवून आली.

आई