तराईचे दिवस

प्रिय रोशन,

सकाळची वंदना झाली की तुला फोन लावतो, तू उचलत नाहीस. म्हणून भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या या खोलीत बसून लिहितो आहे.

आपल्या गावचा रस्ता आता पुरता वाळला. भिलाई-३ हून ऑटो थेट दारापर्यंत येतो. आठवतं, शाळेत जाताना पांदणीच्या चिखलात तुझी चप्पल रुतायची आणि मी उपसून काढायचो? पुढे दर दिवाळीनंतर रस्त्याचे तुकडे घरोघरी वाटून लोक मुरूम टाकू लागले. बाबा प्लांटमध्ये ड्युटीवर, म्हणून आपला तुकडा माय भरायची. शेजाऱ्याचा खड्डाही बुजवायची आणि वर टोमणा मारायची, "तुमचा मुरूम पान्यालेच भेते." पावसात सगळं वाहून जायचं. ती पुन्हा घमेलं उचलायची.

काँक्रीट पडलं त्या दिवशी घरात लग्न असल्यासारखी नवी साडी नेसून उभी होती. काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून तराईसाठी त्यावर मातीची आळी करून पाणी साठवलं, कोणी ते तुडवू नये म्हणून टोकाला बाभळीचे काटे लावले. राखणीला ती आणि शेजारचे देवाजीकाका. शेळी दिसली तरी माय काठी घेऊन धावायची.

मायच्या मातीच्या दिवशी तू काकांची कॉलर धरलीस. "जीप असून मायले बांधावरून कावून नेलं?" ते मान खाली घालून उभे राहिले. रोशन, तराई चालू असतानाच मायच्या छातीत कळ आली, तेव्हा काटे बाजूला सारून ते फाट्यावरची जीप त्या रस्त्यानं आणायलाच निघाले होते. मायनं अडवलं. छाती दाबून धरलेली, आणि म्हणते, "चाक उमटन, देवाजी. मराले इतकी घाई नाई मले." मग त्यांनी आणि त्यांच्या पोरानं, प्रवीणनं, खाट उचलली. बांधावरच ती गेली.

हे काल देवाजीकाकांच्या घरच्या रुक्माकाकूंनी सांगितलं. काकांना विचारलं, तेव्हा का बोलला नाहीत? म्हणाले, "मायच्याच जिद्दीनं माय गेली, हे लेकराले कसं सांगू? त्यापेक्षा मले शिव्या देऊ दे."

त्या दिवसापासून त्यांनी त्या रस्त्यावर पाऊल ठेवलेलं नाही. गुडघे धरून बांधावरून जातात. मी किती विनवलं, ऐकत नाहीत. रविवारी मायचं पुण्यानुमोदन आहे. मी त्यांना फाट्यावर बसवून ठेवीन. तू तिथे उतर, त्यांचा हात धर आणि रस्त्यानं घरी घेऊन ये. माझ्या शब्दानं ते उठायचे नाहीत रे.

तुझाच,
नरेशदादा