होम प्लेटची माती

१४ सप्टेंबर
संपलं! मालक टीव्हीवर बोलला — पुढच्या हंगामापासून आमचा बेसबॉलचा संघ अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात. ‘जड अंतःकरणानं’ म्हणे. हसत होता मेला!

१५ सप्टेंबर
काझिमिर भावजी आले. माझ्या हातचे पिएरोगी, बटाटा भरलेले, ताटभर हाणले आणि वर म्हणतात, “गेली ब्याद, वहिनी! वर्षानुवर्षं तळाशीच तर होते.”

हे मला सांगता? गोदीच्या हमालांनी उभा केलेला संघ हा. चौतीस साली अजिंक्यपद मिळालं तेव्हा चर्चच्या घंटा वाजल्या, सासरे आठवडाभर शुद्धीवर नव्हते. मग एकेक चांगला खेळाडू विकला. या मालकानं तर उरलेसुरलेही विकले, आणि बोंब काय — लोक येत नाहीत! त्या कुजक्या बाकांवर कोण येणार? आम्ही दोघं नवरा-बायको, एमिल आणि मी, जायचो.

१७ सप्टेंबर
एमिल म्हणायचा, “हे शहर सोडून गेले तर मेल्यावरही त्यांचं तोंड बघणार नाही.” सुटला बिचारा. दोन वर्षं झाली त्याला जाऊन.

पाद्रीबाबांना न सांगता त्याची राख मैदानावर नेली होती. तिथला माळी स्टॅन, एमिलचा दोस्त, त्यानं फाटक उघडलं. फलंदाज उभा राहतो त्या होम प्लेटभोवतीच्या तांबड्या मातीत दोघांनी मिळून कालवली. मी रडायला लागले तर म्हणतो, “गप, मिल्का. तू काय पहिली आहेस? इथं निम्मी गोदी निजलीय.”

संघ जाऊ दे खड्ड्यात. मैदान नगरपालिकेचं आहे. एमिल इथंच राहील, माझ्याजवळ.

१ ऑक्टोबर
शेवटचा सामना. हरले — हरणारच! लोकांनी बाकं उखडून नेली. मी मालकाच्या सज्ज्याकडे बघून थुंकले. मागून कोणीतरी ओरडलं, “माझ्याही वाटचं थुंका, बाई!”

४ ऑक्टोबर
स्टॅन आला. टोपी हातात. बस म्हटलं तर बसेना.

“मालकाची माणसं आली होती सकाळी,” म्हणाला. “होम प्लेट उखडली. भोवतीची मातीही खणली, पेट्यांत भरली. नव्या मैदानात घालणार. परंपरा जपतायत म्हणे. मिल्का, मी काय सांगणार होतो त्यांना?”

खरंच, काय सांगणार?

एमिलला ऊन सोसायचं नाही. जूनमध्येच तळघरात जाऊन बसायचा.

५ ऑक्टोबर
चोर!

९ एप्रिल
त्यांचा तिथला पहिला सामना टीव्हीवर. मालकानं स्वतःच्या हातानं ती माती पसरली. टाळ्या घेतल्या. पहिल्याच डावात एक पोरगा घसरत होम प्लेटवर आला, तांबडा धुरळा उडाला. मी खुर्ची सरकवून टीव्हीला नाक लावलं.

भावजी म्हणाले, “काय हे वहिनी! यांचं तोंड बघायचं नव्हतं ना आपल्याला?”

म्हटलं, “गप्प बसा. तुमचा भाऊ आहे तिथं.”